व्याधिग्रस्तांसाठी प्राणायाम : विवेक आणि विधी



पूरक, कुंभक व रेचक हे तीन शब्द आपल्या घरांतून संध्येबरोबरच कानी पडत आले आहेत. परंतु जो मनुष्य चार पायऱ्या चढताच धापा टाकू लागतो, त्याने प्राणायाम करावा काय आणि कसा, हा प्रश्न आपल्या भोपाळ नगरीत केवळ शास्त्रचर्चेचा नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ मधील रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. हजारो माणसे प्राणास मुकली आणि वाचलेल्यांपैकी अनेकांच्या फुप्फुसांना कायमची इजा झाली. अशा पीडितांसाठी १९९६ मध्ये येथे सुरू झालेल्या संभावना चिकित्सालयाने आधुनिक औषधे, आयुर्वेद व योग यांचा एकत्र उपयोग केला. त्यात योगाने औषधाची जागा घेतली नाही, त्याला साथ दिली, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

साथ ती कोणती? निरोगी मनुष्यास शांत बसले असता श्वास सोडण्यासाठी वेगळे श्रम पडत नाहीत. ज्याच्या श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत, त्याच्या छातीत मात्र हवा शिरते, पण पुरती बाहेर पडत नाही. जुनी हवा कोंडून राहिल्याने नव्या हवेस जागा उरत नाही. रोगी घाबरून भराभर श्वास घेतो आणि कोंडी अधिकच वाढते. म्हणून अशा रोग्याचे खरे साधन रेचक होय. सावकाश व दीर्घ रेचकाने कोंडलेली हवा बाहेर पडते, मनाची भीती ओसरते आणि उरलेल्या शक्तीचा व्यय जपून होतो.

विधी सोपा आहे. पोट हलके असताना पाठीला आधार देऊन बसावे. नाकाने हळू श्वास घ्यावा. त्या वेळी पोट किंचित पुढे यावे. नंतर ओठ थोडे मिटून, समोरच्या समईची ज्योत हलावी पण विझू नये, इतक्या मंदपणे श्वास सोडावा. रेचकास पूरकाच्या सुमारे दुप्पट वेळ द्यावा, परंतु ओढाताण करू नये. सकाळ-सायंकाळ पाच पाच मिनिटे आरंभास पुरेशी आहेत. रोग्याच्या खोलीत उदबत्तीचा व धुपाचा धूर करू नये. देवास फूल वाहिले तरी पूजा पूर्ण होते.

आता निषेध. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, अंतर्गळ, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असल्यास दीर्घ कुंभक, भस्त्रिका व कपालभाती करू नयेत. हठयोगप्रदीपिकेनेही वन्य पशूप्रमाणे प्राणास हळूहळूच वश करावे असे सांगून, अयुक्त अभ्यासाने उचकी, दमा व खोकला उद्भवतो असा इशारा दिला आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, तेही योगक्रिया शास्त्रीय प्रयोगांच्या कसोटीवर पारखून घेण्यासाठीच. श्रद्धेला परीक्षेचे भय नसते.

प्राणायामाने निकामी झालेला फुप्फुसाचा भाग पुन्हा उगवत नाही, क्षयाचे जंतू मरत नाहीत किंवा कर्करोगाची गाठ विरत नाही. क्षयाची औषधे मध्येच सोडल्यास जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात. दम्याचा औषधी फवारा बंद करून केवळ श्वसनावर विसंबणे प्राणघातक ठरू शकते. छातीत दुखू लागले, भोवळ आली वा ओठ निळसर दिसले, तर अभ्यास तत्काळ थांबवून रोग्यास रुग्णालयात न्यावे.

घरातील कर्त्या माणसांनी एवढे अवश्य करावे: रोग्याचे औषध वेळेवर द्यावे, प्राणायामाविषयी त्याच्या वैद्यास विचारावे आणि अभ्यासाच्या वेळी त्याच्याजवळ बसून आपणही सावकाश श्वास घ्यावा. सोबतीने भय कमी होते, आणि भय कमी झाले की श्वासही स्थिरावू लागतो.