मूत्रपिंडातील अडथळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर बालकांची सोनोग्राफी

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी प्रथम त्यातील नरसाळ्यासारख्या पोकळीत, म्हणजे श्रोणीत, जमते व तेथून मूत्रवाहिनीच्या बारीक नळीने मूत्राशयात उतरते. काही बालकांत श्रोणी व मूत्रवाहिनी यांचा सांधा जन्मतःच अरुंद असतो. लघवी तुंबते, श्रोणी फुगते, आणि दाब टिकून राहिल्यास मूत्रपिंडाचा कार्यकारी थर पातळ होत जातो. अँडरसन व हाइन्स या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी १९४९ साली वर्णन केलेली शस्त्रक्रिया यावर आजही प्रमाण मानली जाते. तीत अरुंद भाग कापून काढतात व निरोगी टोके रुंद तोंडाने पुन्हा जोडतात. शंभरातील नव्वदांहून अधिक मुलांना तिचा गुण येतो.

खरा घोटाळा होतो तो त्यानंतर. सुमारे तीन महिन्यांनी पहिली सोनोग्राफी होते, अहवालात ‘सूज आहे’ असे शब्द येतात आणि शस्त्रक्रिया वाया गेली असे समजून घरातील माणसे हवालदिल होतात. वस्तुतः दीर्घकाळ ताणलेली पखाल रिकामी केली तरी लगेच आक्रसत नाही. श्रोणीचेही तसेच आहे. म्हणून एकट्या अहवालावरून निष्कर्ष काढू नये. तो शस्त्रक्रियेपूर्वीच्या अहवालाशेजारी ठेवून पाहावा. समजा, श्रोणीची पुढून मागेपर्यंतची रुंदी पूर्वी ३२ मिलिमीटर होती, ती आता २४ झाली व पुढील वर्षी १६ भरली, तर सूज शिल्लक असूनही सुधारणा स्पष्ट आहे. काही मुलांत थोडी सूज कायम राहते व तिच्यापासून अपाय होत नाही.

तुलना खरी ठरण्यासाठी तपासणीची परिस्थितीही सारखी हवी. मूत्राशय गच्च भरलेला असला तर श्रोणी आहे त्याहून मोठी दिसते. यास्तव मुलाने लघवी केल्यावर पुन्हा माप घेणे इष्ट. या तपासणीत ध्वनिलहरी वापरल्या जातात, क्ष-किरण नव्हेत. ती वारंवार केल्याने किरणोत्साराचा प्रश्न उद्भवत नाही.

मात्र सोनोग्राफी मूत्रपिंडाचा आकार दाखविते, त्याचे काम मोजीत नाही. सूज वाढत असेल, थर पातळ होत असेल किंवा कुशीत दुखणे, ताप, उलट्या अशी लक्षणे दिसत असतील, तर किरणोत्सारी औषध टोचून करावयाची रेनोग्राम तपासणी आवश्यक ठरते.

याउलट, मूल हसतेखेळते आहे म्हणून पुढील फेऱ्या चुकविणारे पालकही थोडे नाहीत. एक मूत्रपिंड निकामी होत असताना दुसरे त्याचा भार उचलते व बाहेरून काहीच कळत नाही. जोड पुन्हा आकुंचन पावलाच, तर ते बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत आढळते. क्वचित त्याहूनही उशिरा. शल्यचिकित्सकाने दिलेल्या तारखा त्यामुळे पाळल्याच पाहिजेत. त्या दिवशी शिक्षकांनी मुलास रजा द्यावी. एरवीही वर्गात लघवीस जाण्याची परवानगी मागितल्यास अडवू नये. जुने सर्व अहवाल व चित्रे एकाच पिशवीत जपून ठेवावीत आणि प्रत्येक तपासणीस बरोबर न्यावीत.