जुन्या संगणकावरील मुके खेळ

२००१ साली महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि गावोगावी संगणकाचे वर्ग निघाले. आमच्या तालुक्याच्या गावीही एक होता. तो बंद पडल्यावर त्यातला एक पेंटियम संगणक भंगाराच्या भावाने आमच्या घरी आला. यंत्र सुरू होत होते, पडद्यावर चित्र येत होते, त्यातला ‘डेव्ह’ नावाचा खेळही चालत होता. आवाज मात्र अजिबात नव्हता. एका दुकानदाराने न पाहताच सांगितले, “स्पीकर घ्या.” तेंदूपत्त्याच्या हंगामात पुडे बांधून मिळवलेल्या पैशांतून मी साडेतीनशे रुपयांच्या दोन पेट्या आणल्या, कार्डाला जोडल्या. डेव्ह मुका तो मुकाच!

हे पैसे का फुकट गेले याचा शोध घेताना जे कळले ते येथे मांडतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने असल्या विषयात पडू नये असे काहींचे मत असेल. असो.

आजच्या संगणकात सगळे आवाज एकाच वाटेने बाहेर पडतात, म्हणून आपली समजूत होते की पूर्वीही तसेच असेल. वस्तुतः जुना खेळ एका विशिष्ट उपकरणाशीच बोलत असे. ते उपकरण जागेवर नसेल तर खेळ बोलतो, पण ऐकणारा कोणी नसतो. तेव्हा आवाज नाही म्हणताच स्पीकर न बदलता आधी विचारावे, की हा खेळ बोलतो कोणाशी?

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीत एक लहानसा स्पीकर आणि ८२५३ क्रमांकाची काळमापक चिप एवढाच संसार होता. ही चिप सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके मोजते. खेळ तिला एक संख्या देतो आणि तिने या ठोक्यांना भागले की सूर तयार होतो. २७१२ ही संख्या दिली तर ४४० कंपनांचा सूर निघतो. एका वेळी एकच सूर. तबला नाही, साथ नाही. १९८२ चा ‘पॅराट्रूपर’ आणि १९९० चा, डॉसवरचा ‘डेव्ह’ हे दोन्ही याच स्पीकरशी बोलणारे. कार्डाशी त्यांची ओळखच नाही! त्यामुळे कार्डाला कितीही मोठ्या पेट्या जोडल्या तरी उपयोग शून्य.

याची परीक्षा फुकट आहे. संगणक सुरू करताच आतून एक बारीक ‘बीप’ यावी लागते. आमच्या यंत्रात ती येत नव्हती आणि माझ्या ते लक्षातही आले नव्हते. मग वीज काढून झाकण उघडले. मुख्य पाटीवर ‘स्पीकर’ असे लिहिलेल्या चार टाचण्या असतात. त्यांवरची जोडतार निसटून धुळीत पडली होती. ती परत बसवली. ही तार उलटी बसली तरी स्पीकर वाजतो, म्हणून भिण्याचे कारण नाही. डेव्हने पहिली उडी मारली आणि आवाज आला, तेव्हा घरातले सगळे जमले. खर्च काही नाही.

यानंतरचा काळ कार्डांचा. १९८७ साली कॅनडातील ॲडलिब या कंपनीचे कार्ड निघाले. त्यात यामाहाची वायएम ३८१२ ही चिप होती आणि ती एका वेळी नऊ सूर काढू शकत असे. या चिपसाठी रचलेल्या खेळात ध्वनिमुद्रित संगीत नसतेच. आपल्या झाडीपट्टीतले उदाहरण घ्या. वडशाची नाटक मंडळी गावात येते तेव्हा पदांची चाल ठरलेली असते, पण ती वाजवायला पेटीवाला आणि तबलजी मंडपात हजर लागतात. खेळाच्या फाइलीत केवळ चाल असते. ॲडलिब म्हणजे तो पेटीवाला. तो आलाच नाही तर नाटक मुके होणार हे ओघानेच आले.

१९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साऊंड ब्लास्टर आणले. ते ॲडलिबचे काम करीच, शिवाय मुद्रित आवाजही वाजवी. येथेच बहुतेक घोटाळे होतात, कारण खेळाला तीन आकडे बरोबर सांगावे लागतात. पहिला कार्डाचा पत्ता, बहुधा २२०. दुसरा हाक क्रमांक, म्हणजे काम संपल्यावर कार्ड ज्या खुणेने प्रोसेसरला हाक मारते तो; हा ५ किंवा ७. तिसरा स्मृतीतून थेट माल नेण्याच्या वाटेचा, बहुधा १. ‘डूम’सारख्या (१९९३) खेळांबरोबर हे आकडे भरण्यासाठी ‘सेटअप’ नावाची वेगळी आज्ञावली मिळते.

लक्षणांवरून दोष ओळखता येतो. संगीत वाजते पण बंदुकीचा आवाज नाही, तर या तीन आकड्यांपैकी एखादा चुकलेला असू शकतो. कारण ॲडलिबच्या संगीताला हाक लागतच नाही. आवाजाचा एकच तुकडा पुनःपुन्हा वाजत राहिला किंवा खेळ गोठला, तर हाक क्रमांक तपासावा. ७ हा क्रमांक पुष्कळदा प्रिंटरकडे असतो. उलट गोळ्यांचा आवाज आहे आणि संगीत नाही, तर तो खेळ सीडीवरचे संगीत वाजवणारा असू शकतो. त्यासाठी सीडी ड्राइव्हपासून कार्डापर्यंत एक बारीक तार लागते आणि ती कोणीतरी काढून ठेवलेली असते.

याच आकड्यांनी मला दुसऱ्यांदा फसवले. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचे खेळ थेट चालतच नाहीत. त्यांसाठी २००२ पासून मोफत मिळणारी डॉसबॉक्स ही आज्ञावली वापरावी लागते. ती जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करते. मी घरचा एक नेमबाजीचा खेळ तसाच उचलून तिच्यात घातला. संगीत आले, गोळ्या मुक्या. घरच्या कार्डाचा हाक क्रमांक ५. डॉसबॉक्सचा, आपण बदलला नाही तर, ७. खेळाने जुनाच आकडा जपून ठेवला होता. सेटअपमध्ये ५ चे ७ केले आणि काम झाले.

कधी दोष वेगाचा असतो. ॲडलिबच्या चिपला प्रत्येक आकडा लिहिल्यावर सुमारे २३ मायक्रोसेकंद उसंत द्यावी लागते. काही खेळ ही उसंत प्रोसेसरच्या फेऱ्या मोजून देत. वेगवान यंत्रावर त्या फेऱ्या क्षणात संपतात आणि खेळाला वाटते, कार्डच नाही. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल व एफ ११ दाबून वेग उतरवता येतो.

राहता राहिला आपला उन्हाळा. चंद्रपुरात पारा ४७ अंशांवर जातो आणि पत्र्याखालची खोली त्याहून तापते. कार्डावरील नळकांड्यांसारख्या कपॅसिटरांतला द्रव उष्णतेने सुकतो. दर दहा अंश वाढीला त्यांचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. मग आवाज बारीक होतो किंवा घरघर येते. फुगलेला कपॅसिटर दिसला तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावा. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचा बसवायला सांगावे. पावसाळ्यात कार्डाच्या सोनेरी दातांवर काळपट थर चढतो. वीज काढून, कार्ड बाहेर घेऊन, शाळेतल्या साध्या खोडरबराने ते दात हलक्या हाताने पुसावेत आणि रबराचा भुगा झटकून मगच परत बसवावे. आमच्या कार्डाचे मी दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत करतो. त्या साडेतीनशेच्या पेट्या सध्या आईच्या मोबाइलला जोडलेल्या आहेत.