वरच्या गटातले पहिले वर्ष

अंधेरी
चि. भाचीस,

जिम्नॅस्टिक्समध्ये वरच्या गटात गेल्याने खेळाडूचे कसब कमी होत नाही. बदलते ते मोजमाप. 2006 पासून आंतरराष्ट्रीय नियमांत पैकीच्या पैकी 10 गुणांची जुनी पद्धत गेली आणि गुणांचे दोन भाग झाले. डी हा अवघडपणाचा गुण शून्यापासून वर चढतो, तर ई हा सफाईचा गुण 10 पासून खाली उतरतो. किरकोळ चुकीला 0.1, मधल्या चुकीला 0.3, मोठ्या चुकीला 0.5 आणि पडल्यास पूर्ण 1 गुण कापला जातो. मुलींच्या सेटमध्ये, म्हणजे सलग कसरतींच्या मालिकेत, बी दर्जाच्या कसरतीऐवजी तिच्याहून एक पायरी अवघड अशी सी दर्जाची घेतली, तर डीमध्ये भर पडते अवघी 0.1; पण तीच करताना मुलगी बीमवरून पडली, तर त्याच्या दहापट नुकसान होते. म्हणून वरच्या गटातल्या पहिल्या वर्षी पक्का बसलेला सेट सफाईने करणे हेच शहाणपणाचे. शेजारच्या क्लबातली मुलगी काय करते हे पाहून घाईने घेतलेली कसरत आत्मविश्वास देत नाही, असलेलाही घालवते.

नवी कसरत पायरीपायरीने बसते. बीम 5 मीटर लांब, 10 सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच असतो. त्यावरची फ्लिक, म्हणजे हातांवरून मागे घेतलेली उलटी उडी, आधी जमिनीवर आखलेल्या रेषेवर होते, मग बुटक्या बीमवर, मग दोन्ही बाजूंना मॅट रचून उंच बीमवर, मग सरांच्या सपोर्टने आणि शेवटी एकटीने. एका पायरीवर ती कसरत रोज, थकल्यावरही, सारखीच जमू लागली की पुढची पायरी घ्यावी. सपोर्टचा हात कधी काढायचा हे आधी बोलून ठरलेले असावे. न सांगता काढलेल्या हाताने कसरत एखादे वेळी होतेही, पण मुलीचा सरांवरचा भरवसा तुटतो, आणि तो परत यायला फार वेळ लागतो.

भीती वाटली तर एक पायरी खाली उतरावे; त्यात कमीपणा नाही. टोकिओ ऑलिंपिकमध्ये 27 जुलै 2021 रोजी सिमोन बाइल्सला हवेत पिळे घेताना शरीराची दिशाच कळेनाशी झाली आणि तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. त्यानंतर तिने मऊ फोमवर उतरण्याचा सराव केला, बीमवरून उतरताना घेण्याचा पिळा काढून टाकला आणि 3 ऑगस्टला त्या सोप्या उतरणीसह कांस्यपदक मिळवले. 2024 मध्ये पॅरिसला ती पुन्हा सर्वसाधारण विजेती झाली.

प्रत्येक अडखळणे मात्र भीतीचे नसते. गट बदलण्याचे वय आणि उंची झपाट्याने वाढण्याचे वय बहुधा एकच असते. हातपाय लांबले की त्याच ताकदीत शरीर हवेत सावकाश फिरते, आणि कालपर्यंत येणारा साल्टो, म्हणजे हवेतली कोलांटी, अर्ध्यावर अडतो. अशा वेळी मुलीला घाबरट म्हणणे हा अन्याय आहे. तिला ताकद वाढवायला आणि कसरतीचा अंदाज नव्याने बसवायला काही महिने द्यावे लागतात.

अंधेरीच्या दमट हवेत बार्सवर तळहात घामाने घसरतात. तेही धैर्याचे नव्हे, चॉकचे काम. सेटच्या आधी हात पुसून, नीट चॉक लावून घ्यावा. लोकलच्या गर्दीतून दमून आलेल्या मुलीने वॉर्म-अप आटोपता घेऊ नये, कारण आखडलेल्या अंगाला कसरत अवघड वाटते आणि मन त्यालाच भीती समजते. शाळेच्या हॉलमध्ये साध्या मॅटवर सराव करणारी मुलगी मोठ्या स्पर्धेत स्प्रिंगच्या फ्लोअरवर येते, तेव्हा तिची उडी नेहमीपेक्षा उंच जाते आणि पाय टेकण्याची वेळ चुकते. स्पर्धेआधी अशा फ्लोअरवर थोडा तरी सराव मिळवावा. व्हॉल्टची धाव पावलांच्या अंदाजाने न ठेवता टेपने मोजून लिहून ठेवावी, म्हणजे अनोळखी हॉलमध्येही सुरुवातीची खूण तीच राहते.

वयोगटातून मोठ्यांत जाण्याचे उदाहरण जवळच, ठाण्यात आहे. संयुक्ता काळे हिने 2022 मध्ये पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत रिदमिक प्रकारात पाच सुवर्णपदके मिळवली आणि 2023 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही सुवर्णपदके जिंकली. प्रत्येकीला पदक मिळतेच असे नाही. रिओ येथे 2016 मध्ये दीपा कर्माकर प्रोदुनोव्हा हा अवघड व्हॉल्ट करून 15.066 गुणांसह चौथी आली. कांस्यपदक 0.150 गुणांनी हुकले, तरी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत खेळलेली पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट तीच. नव्या गटात पहिल्या वर्षी विसावी आलेल्या मुलीने क्रमांकाऐवजी प्रत्येक साधनावरचा ई गुण वहीत लिहावा आणि पुढच्या स्पर्धेत त्याच्याशी ताडून पाहावा.

पडल्यानंतर काय करायचे याचाही सराव लागतो, आणि तो बहुतेक ठिकाणी राहून जातो. बीमवरून पडल्यावर परत चढायला 10 सेकंद मिळतात. रोजच्या सरावात पडल्यावर सेट सोडून पहिल्यापासून सुरू करण्याची सवय असेल, तर स्पर्धेत ते सेकंद गोंधळातच जातात. म्हणून हॉलमध्येही घड्याळ लावून एक श्वास घ्यावा, चॉक लावावा, वर चढावे आणि सेट जिथे तुटला तिथून पुढे न्यावा.

— मावशी