निद्रिस्त रुग्णाच्या मेरुरज्जूवर जागता पहारा

कण्याची शस्त्रक्रिया पार पडली, वाकलेला कणा सरळ झाला. पण शुद्धीवर आलेल्या रुग्णाचे पाय हलेनात. असा प्रसंग क्वचितच ओढवतो, परंतु ओढवला तर त्याची भरपाई होणे कठीण. धातूच्या सळ्या बसवून कणा सरळ करण्याची पद्धती अमेरिकेतील डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केली, तेव्हापासून ही चिंता विशेष वाढली. कण्याबरोबर त्यातील मेरुरज्जूही ताणला जातो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा होऊ शकतो. भुलीखालील रुग्ण मात्र तक्रार करू शकत नाही.

फ्रान्समधील पिएर स्टान्यारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये साधा तोडगा सुचविला. शस्त्रक्रिया मध्येच थांबवून भूल हलकी करावयाची आणि रुग्णास पाय हलविण्यास सांगावयाचे. पाय हलले की पुन्हा गाढ भूल. चाचणी विश्वासार्ह खरी. पण अर्ध्या तासानंतर इजा झाली, तर ती तिला कशी कळणार?

अखंड देखरेखीसाठी विजेचे साहाय्य घ्यावे लागले. घोट्याजवळील मज्जातंतूस सौम्य विद्युत्स्पंद देतात. ती संवेदना मेरुरज्जूतून सुमारे ४० मिलिसेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते व डोक्यावरील इलेक्ट्रोड ती टिपतात. संकेत इतका क्षीण असतो की, शेकडो स्पंदांची सरासरी काढल्याखेरीज तो दिसत नाही. आलेखाची उंची निम्म्याने घटली किंवा संकेतास एक दशांश अधिक वेळ लागला, तर तो धोक्याचा इशारा समजतात.

मेख निराळीच आहे. हालचालींच्या आज्ञा नेणारे मार्ग वेगळे, त्यांचा रक्तपुरवठाही बव्हंशी वेगळ्या रोहिणीतून. त्यामुळे संवेदनेचा आलेख निर्दोष असतानाही पाय लुळे पडू शकतात. म्हणून डोक्यावर विद्युत्स्पंद देऊन पायांच्या स्नायूंचा प्रतिसाद पाहणारी तपासणी तिच्या जोडीस आली. येथे भूलतज्ज्ञाचे सहकार्य अपरिहार्य ठरते. स्नायू शिथिल करणारे औषध चालू असेल, तर स्नायू उत्तर देणार तरी कसे?

संकेत ढासळताच प्रथम इलेक्ट्रोड निसटला नाही ना, हे पाहतात. भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवितो, शल्यचिकित्सक शेवटची ओढ सैल करतो. पुष्कळदा संकेत परत येतो. मात्र केवळ यंत्र आणून भागत नाही. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, ५१ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या पाहणीत, देखरेखीचा दीर्घ अनुभव असलेल्या पथकांकडे मज्जासंस्थेच्या इजांचे प्रमाण नवख्या पथकांच्या निम्म्याहूनही कमी आढळले.