लांब बीप वाजेपर्यंत

विधानसभेची ड्यूटी लागली तर आमच्या शाळेत कुणी फारसं कुरकुरत नाही. ग्रामपंचायतीची ऑर्डर आली की मात्र सगळ्यांचेच रक्तदाबाचे कागद बाहेर निघतात. नव्याने लागलेल्या शिक्षकांना याचं नवल वाटतं. गाव लहान, यादी लहान, उमेदवारही ओळखीपाळखीचे. यात भिण्यासारखं काय?

भिण्यासारखं हेच, की गाव लहान आहे. विधानसभेला एका केंद्रावरची मतं लाखांच्या बेरजेत मिसळून जातात. ग्रामपंचायतीच्या वॉर्डात दोन-चार मतांनी निकाल लागतो, आणि समसमान झाली तर चिठ्ठी टाकतात. एखाद्या लेकराने काढलेल्या त्या ईश्वरचिठ्ठीवर पाच वर्षांचं सदस्यपद ठरतं. त्यामुळे तिथे प्रत्येक मताला धनी असतो आणि तो संध्याकाळपर्यंत दाराबाहेर उभा असतो. आपण केलेला हिशेब त्याला पटला पाहिजे.

ड्यूटी टाळण्याची वाट शोधू नका. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकांना लावता येणारी जी मोजकी बिगरशैक्षणिक कामं आहेत, त्यांत जनगणना आणि आपत्ती निवारणासोबत निवडणूक आहेच. ती ऊर्जा प्रशिक्षणाला खर्च करा. प्रशिक्षणात मागच्या रांगेत बसून गृहपाठ तपासणारे मी पाहिलेत. दुसऱ्या दिवशी यंत्रासमोर त्यांचेच हात थरथरतात.

विधानसभेला मतदार एक बटण दाबतो आणि जातो. ग्रामपंचायतीत एका वॉर्डातून दोन किंवा तीन सदस्य निवडायचे असतात, थेट सरपंच असेल तर आणखी एक मत. राखीव जागेप्रमाणे मतपत्रिकेचा रंग बदलतो: सर्वसाधारण पांढरा, अनुसूचित जाती गुलाबी, जमाती हिरवा, नागरिकांचा मागास प्रवर्ग पिवळा, सरपंच निळा. सगळी मतं पडली की लांब बीप वाजते. ती वाजेपर्यंत कंट्रोल युनिटवरचा लाल दिवा जळत राहतो आणि पुढच्या माणसाला मत देता येत नाही.

जानेवारी 2021 मध्ये राज्यातल्या 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या, तेव्हा आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या एका गावी मी मतदान अधिकारी होते. एक आजी आत गेल्या, एक बटण दाबलं, समाधानाने बाहेर आल्या आणि बोटाची शाई बघत दाराकडे निघाल्या. दिवा लालच. तिसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याने हाक मारली तर आजी म्हणाल्या, "दाबलं ना बाप्पा, आखीन किती दाबू?" खोलीत हशा पिकला आणि लगेच विरला, कारण एक मतदान प्रतिनिधी उठून म्हणाला, "सर, तुम्ही आत जाऊ नका." त्याचं बरोबर होतं. मतदाराच्या मागे पडद्याआड कर्मचारी दिसला की गावभर एकच गोष्ट पसरते: सायबानं बटण दाबलं. आमच्या केंद्राध्यक्षांनी खुर्ची न सोडता, सगळ्या प्रतिनिधींना ऐकू जाईल असं आजींना सांगितलं, आजी परत आत गेल्या आणि बीप वाजली.

म्हणून शाई लावून झाली की टेबलावरच नमुना मतपत्रिका दाखवा आणि एकच वाक्य सांगा: इतकी बटणं दाबायची, लांब आवाज येईपर्यंत थांबायचं. म्हाताऱ्या माणसांना ते दोनदा सांगा. मतदार अर्धवट मत देऊन निघूनच गेला तर काय करायचं, हे प्रशिक्षणात यंत्र हाताळतानाच विचारून घ्या आणि पुस्तिकेतल्या त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा. मतदान चालू असताना झोनल अधिकाऱ्यांचा फोन लागेलच असं नाही. मानोऱ्याच्या डोंगराळ भागातल्या तांड्यांवर रेंज शोधायला कधीकधी शाळेच्या गच्चीवर जावं लागतं.

तांड्यांवरून आठवलं. पोहरादेवीच्या परिसरात बंजारा वस्ती मोठी, आणि यादीत पानोपानी राठोड, चव्हाण, जाधव, पवार, आडे. नाव, बापाचं नाव, आडनाव असं तिन्ही सारखं असलेले दोघे एकाच यादीत निघतात. पहिल्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याने घाईत चुकीच्या नावाखाली रेघ ओढली, तर दुपारी पुण्याहून गाडी करून खास मतदानाला आलेल्या खऱ्या माणसाला "तुमचं मत झालंय" असं ऐकावं लागतं. मग ओळख पटवून त्याला प्रदत्त मतपत्रिका द्यायची, ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवायची, यादीत नोंदवायची. नियमाने सगळं सुटतं, पण त्या माणसाचा राग सुटत नाही. नाव मोठ्याने वाचा, वय बघा, फोटो बघा, अनुक्रमांक पुढच्या अधिकाऱ्याला तोंडी सांगा. प्रतिनिधी गावचेच असतात. त्यांना ऐकू गेलं की चूक असेल तर तेच ओरडतात.

सोबत्याचा नियमही गावातच खरा कसोटीला लागतो. अंध किंवा अपंग मतदारासोबत आत जाणारा माणूस त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा सोबती होऊ शकत नाही. पण वॉर्डातल्या प्रत्येक म्हातारीला सकाळपासून तोच एक पुतण्या धरून आणत असतो. सोबत्यांचं प्रतिज्ञापत्र आणि यादी पहिल्या माणसापासून भरा. दहा वाजता भरू म्हणाल तर तोवर पुतण्याने तीन काकू उरकलेल्या असतात.

ऑक्टोबर 2021ची तऱ्हा वेगळीच. जिल्हा परिषदांमधलं एकूण आरक्षण 50 टक्क्यांपलीकडे नेता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा 4 मार्च 2021चा निकाल. त्याचं मूळ वाशिमच्याच एका याचिकेत होतं. जानेवारी 2020 मध्ये मागास प्रवर्गाच्या जागांवर निवडून आलेल्यांच्या जागा त्याने रिकाम्या झाल्या आणि आमच्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या 14 आणि पंचायत समितीच्या 27 जागांसाठी 5 ऑक्टोबरला पोटनिवडणूक झाली. कुठे दोन्ही मतं द्यायची, कुठे फक्त पंचायत समितीचं. मतदार विचारायचे, "परवाच तर केलं ना मतदान?" याचं उत्तर द्यायला बसू नका. आरक्षणावर तुम्ही बोललेलं अर्धं वाक्य बाहेरच्या टपरीवर पूर्ण होतं.

शाईचं थोडक्यात. राज्य निवडणूक आयोगाच्या निवडणुकांत 2011 पासून बाटलीऐवजी मार्कर असायचा. जानेवारी 2026 मध्ये मुंबई महापालिकेच्या वेळी त्याची शाई पुसली जाते म्हणून केवढी ओरड झाली! मार्कर नखावर आणि नखाच्या वरच्या कातडीवर तीन-चारदा घासावा लागायचा. शाई वाळू द्या. करोनाच्या काळात सॅनिटायझरने ओल्या बोटांवर ती धरायचीच नाही. आधी बोट पुसायला लावा.

जेवण स्वतःचं न्या. सरपंचाच्या घरून आलेला डबा, मग तो कितीही प्रेमाने येवो, विरोधी पॅनेलच्या डोळ्यांत खुपतोच. मी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोन दिवस टिकतील असे लाडू नेते. चहा शिपायाकडून विकत आणवते आणि पैसे सर्वांसमोर देते.

आता अभिरूप मतदान. सकाळी साडेसातच्या आत प्रतिनिधींसमोर मतं टाकून निकाल दाखवायचा आणि मग यंत्र 'क्लिअर' करायचं. हे शेवटचं बटण राहिलं तर दिवसभराच्या मतांत ती खोटी मतं मिसळतात आणि फटका मतमोजणीच्या टेबलावर बसतो. एकाने दाबायचं, दुसऱ्याने टोटल शून्य आहे हे मोठ्याने वाचायचं, तिसऱ्याने लिहायचं.

त्यानंतर दर दोन तासांनी कंट्रोल युनिटची टोटल आणि मतदार नोंदवहीतल्या सह्या जुळवा. कुणी सही करून मत न देताच परतला तर त्याच क्षणी शेऱ्यात नोंद करा. एकाचा फरक साडेनऊला सापडला तर माणूस आठवतो. साडेपाचनंतर, रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटून झाल्यावर, चारही अधिकारी एकमेकांकडे संशयाने बघत बसतात. त्यातून रडारड झालेली मी पाहिली आहे.

तहसीलला साहित्य जमा करायला रात्र होते. लिफाफे गाडीतच क्रमाने लावून ठेवा, नाहीतर खिडकीवरून परत पाठवतात. पोच हातात पडल्याशिवाय आवार सोडू नका, तिचा फोटो काढा. आणि तुमच्या टीममध्ये बाई असेल तर तिची परतीची गाडी साहित्य वाटपाच्या दिवशीच ठरवा, कारण मध्यरात्री तहसीलसमोरून कारंजा किंवा रिसोडची एसटी मिळत नाही.