आई-वडिलांचा संगणक आणि मुक्त संचालनप्रणाली

संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे निरनिराळे कार्यक्रम यांच्यामध्ये राहून दोहोंचा कारभार पाहणारी जी मूलभूत आज्ञावली, तिला संचालनप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज १० या अशाच एका प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीने दिलेले नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे यंत्र धडधाकट, पण प्रणाली निकामी ठरलेली, असे असंख्य लॅपटॉप घरोघरी पडून आहेत. मुलाने नवा घेतल्यावर वडिलांकडे आलेला लॅपटॉप बहुधा यांपैकीच एक असतो.

अशा यंत्राला मुक्त संचालनप्रणाली नवे आयुष्य देऊ शकते. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा प्रणालीचा गाभा रचला. या दोहोंच्या संयोगातून आजच्या अनेक प्रणाली निर्माण झाल्या. त्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि इतरांना देता येते. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दामुळे होणारा घोटाळा मराठीत संभवत नाही. आपल्याकडे 'फुकट' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे. वयस्कर माणसासाठी यांपैकी लिनक्स मिंट बरी, असे आमचे मत आहे. तिची मांडणी विंडोजच्या वळणाची असून मुख्य यादी डाव्या कोपऱ्यात खालीच उघडते. ४ जीबी स्मृतीच्या यंत्रावरही ती समाधानकारक चालते.

तथापि प्रणाली बदलण्यापूर्वी वडील संगणकावर नेमके काय करतात, हे त्यांच्या शेजारी बसून पाहिले पाहिजे. वृत्तपत्र वाचणे, पत्रव्यवहार, नातवंडांची छायाचित्रे, बँकेचे खाते, एवढेच असेल तर अडचण नाही. परंतु हिशेब टॅलीमध्ये ठेवला जात असेल, तर घाई करू नये. तो कार्यक्रम विंडोजसाठी रचलेला आहे. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला घरीच बोटांच्या ठशांच्या यंत्रावर दिला जात असेल, तर ते यंत्र नव्या प्रणालीवर चालेल की नाही, हे आधी तपासावे. मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. काही जुने लेसर प्रिंटरही त्रास देतात.

सर्वांत नाजूक प्रश्न जुन्या मजकुराचा आहे, आणि त्याकडेच बहुधा दुर्लक्ष होते. वडिलांनी वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या आठवणी, आईने टंकलिखित केलेली स्तोत्रे किंवा पाककृती पुष्कळदा श्री-लिपी अथवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत असतात. या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसविलेली असत. संगणकाच्या लेखी तेथे रोमन अक्षरेच असतात. फाँट नाहीसा होताच पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते. ती पाहून आपले लेखन नष्ट झाले, असे त्या लेखकाला वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात मजकूर शाबूत असतो. म्हणून त्या फाँटांच्या फाइली, परवाना पाहून, आधीच वेगळ्या जपून ठेवाव्यात, आणि सवडीने सर्व लेखन युनिकोडमध्ये रूपांतरित करावे; युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला स्वतःचा क्रमांक असतो. रूपांतरात जोडाक्षरे व रफार चुकतात, तेव्हा एकदा वाचून घेणे आवश्यक आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकाची सवय असलेल्यांना मात्र टंकलेखनात काहीच नवे शिकावे लागत नाही, कारण ती रचना लिनक्समध्येही उपलब्ध आहे.

यानंतरचे काम तुलनेने सोपे आहे. नवी प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवून, हार्ड डिस्कला हात न लावता, तीवरूनच काही दिवस चालवून पाहता येते. वेग कमी वाटेल. पण आवाज, वायफाय, प्रिंटर यांची परीक्षा होते आणि वडिलांनाही नकार देण्याची संधी मिळते. ती खरीखुरी असावी. कायमची स्थापना करताना डिस्क पुसली जाऊ शकते. म्हणून सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याखेरीज पुढे जाऊ नये.

पहिल्या आठवड्यात शिकविणाऱ्याने माऊस स्वतःच्या हाती घेऊ नये. बोटाने दाखवावे आणि थांबावे. नेहमीच्या चार-पाच कामांच्या पायऱ्या एका कागदावर लिहाव्यात, पण त्या वडिलांनीच, आपल्या अक्षरात आणि आपल्या शब्दांत. 'ब्राउझर उघडा' याऐवजी त्यांनी 'बँकेसाठी निळे गोल चित्र' असे लिहिले, तर ते तसेच राहू द्यावे.