आश्रयाविना अनुवाद : 'मदर ३' या जपानी खेळाचे इंग्रजी भाषांतर

१

मराठीत भाषांतराचा विचार प्रामुख्याने दोन अंगांनी होत आला आहे. भाषांतर मूळ संहितेशी कितपत प्रामाणिक आहे हे पहिले अंग, आणि लक्ष्यभाषेत ते कितपत रुजले हे दुसरे. आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३) आणि देवलांचे 'झुंझारराव' (१८९०) या शेक्सपिअरच्या दोन मराठी अवतारांतील अंतर याच दोन कसोट्यांवर मोजता येते. भाषांतर कोणाच्या आश्रयाने होते, हा तिसरा प्रश्न मात्र तुलनेने मागे राहिला. आंद्रे लेफेव्हर यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा प्रश्न मध्यवर्ती मानला. त्यांच्या मते साहित्याच्या आश्रयाचे घटक तीन : विचारप्रणालीचे नियंत्रण, आर्थिक मोबदला आणि सामाजिक प्रतिष्ठा. आश्रयदाता हे तीन घटक पुरवतो आणि त्या बदल्यात संहितेचे रूप ठरवतो.

यातून एक प्रश्न उपस्थित होतो. ज्या भाषांतराला मालकाची परवानगी नाही, मोबदला नाही आणि ग्रंथालयात स्थानही नाही, त्यावर शिस्त कोणाची चालते? केवळ तर्काने या प्रश्नाचे उत्तर देण्यापेक्षा एक प्रत्यक्ष उदाहरण तपासणे अधिक उपयुक्त ठरेल. 'मदर ३' या जपानी व्हिडिओ गेमचे स्वयंसेवकांनी केलेले इंग्रजी भाषांतर (२००८) हे असे उदाहरण होय.

२

व्हिडिओ गेम ही भाषांतराची वस्तू कशी, ही शंका प्रथम दूर करणे आवश्यक आहे. जपानमध्ये १९८० नंतर विकसित झालेल्या कथाप्रधान खेळांत शेकडो पृष्ठे भरतील इतके संवाद असतात. पात्रांशी बोलल्याशिवाय, म्हणजेच संहिता वाचल्याशिवाय, खेळ पुढे सरकत नाही. मिनाको ओहागन आणि कार्मेन मँगिरॉन यांनी २००६ मध्ये या प्रकारच्या भाषांतराची चिकित्सा करताना त्यातील पुनर्निर्मितीच्या अंशावर भर दिला, तो याच कारणाने.

परवानगीने होणाऱ्या भाषांतराची स्थिती कशी होती, हे 'फायनल फँटसी ६' या खेळाच्या १९९४ च्या इंग्रजी आवृत्तीवरून कळते. टेड वूल्सी यांना ते भाषांतर सुमारे तीस दिवसांत पुरे करावे लागले. कार्ट्रिजची (आपल्याकडे जिला कॅसेट म्हणत) स्मृतिक्षमता मर्यादित असल्यामुळे मजकुराला कात्री लावणे भाग पडले. अमेरिकेतील निन्टेन्डो कंपनीच्या संकेतांनुसार धार्मिक सूचन असलेले शब्द वगळले गेले आणि मद्यगृहाच्या पाटीवर 'कॅफे' आले. लेफेव्हर यांनी सांगितलेल्या नियंत्रणाचे हे जवळजवळ शब्दशः उदाहरण आहे.

अनेक खेळांच्या वाट्याला तर असे भाषांतरही आले नाही. 'फायनल फँटसी ५' (१९९२) हा खेळ त्या काळी इंग्रजीत आलाच नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वयंसेवकांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. अधिकृत इंग्रजी आवृत्ती त्यानंतर, १९९९ मध्ये आली. विनामोबदला भाषांतराची परंपरा अशा प्रकारे अभावातून जन्मली.

३

'मदर' या मालिकेचे लेखक शिगेसातो इतोई हे जपानमध्ये जाहिरात-लेखक, गीतकार व निबंधकार म्हणून ख्यातनाम आहेत. मालिकेतील दुसरा खेळ १९९५ मध्ये 'अर्थबाउंड' या नावाने अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी लेखन मार्कस लिंडब्लॉम यांचे. तिसरा खेळ, 'मदर ३', २० एप्रिल २००६ रोजी 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स' या हातात धरण्याच्या यंत्रासाठी केवळ जपानमध्ये निघाला.

या खेळाची रचना आठ प्रकरणांची आहे. आरंभीच्या प्रकरणांत निवेदनाचा केंद्रबिंदू एका पात्राकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. पैसा ठाऊक नसलेले एक खेडे. पहिल्याच प्रकरणात हिनावा या मातेचा मृत्यू. पती फ्लिंट आणि जुळे मुलगे यांची वाताहत. डुकराचे मुखवटे घातलेल्या सैन्याचे आगमन. घरोघर येणाऱ्या 'सुखाच्या पेट्या' आणि त्यांच्यामागोमाग शिरणारे पैशाचे व्यवहार, असा कथेचा प्रवास आहे. गावकऱ्यांचे संवाद प्रकरणागणिक बदलतात आणि या बदलांतूनच गावाचे नैतिक रूपांतर व्यक्त होते. जुळ्यांची नावे अ‍ॅगोटा क्रिस्टॉफ यांच्या 'द नोटबुक' या कादंबरीतील जुळ्यांवरून घेतलेली आहेत. रोमन लिपीत त्या दोन नावांची अक्षरे तीच, केवळ क्रम वेगळा. जपानी लिपीत लपलेला हा खेळ इंग्रजीत पुन्हा उघड होतो. भाषांतराने काही गमावते, तसे क्वचित काही परतही मिळते, याचे हे लहानसे उदाहरण.

इंग्रजी आवृत्ती निघण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा २००६ च्या अखेरीस या मालिकेच्या चाहत्यांनी भाषांतराचा प्रकल्प जाहीर केला. भाषांतराची मुख्य जबाबदारी क्लाइड मँडेलिन यांनी घेतली. जपानी चित्रपटमालिकांचे इंग्रजी भाषांतर हा त्यांचा व्यवसाय होता. म्हणूनच 'हौशी' हे विशेषण येथे जपून वापरले पाहिजे : काम विनामोबदला होते, अकुशल नव्हते. १७ ऑक्टोबर २००८ रोजी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि पहिल्या आठवड्यात ते एक लाखाहून अधिक वेळा उतरवून घेतले गेले.

४

भाषांतरकारापुढील अडचणी तीन गटांत मांडता येतात : अवकाश, नाम आणि आवाज.

अवकाशाचा प्रश्न वरवर तांत्रिक आहे. जपानी अक्षरे समान रुंदीच्या चौकटीत बसतात. इंग्रजी अक्षरांची रुंदी भिन्न असते आणि तोच आशय मांडण्यास अक्षरेही अधिक लागतात. परिणामी मजकूर बदलण्यापूर्वी तो पडद्यावर उमटवणारी आज्ञावलीच बदलावी लागते. वूल्सी यांच्यासमोर वाक्य कापणे हा मार्ग होता. येथे वाक्य राखून यंत्राला वाकवण्यात आले. वेळेची आणि विक्रीची सक्ती नसल्यामुळेच हा पर्याय शक्य झाला.

नामांचा प्रश्न अधिक साहित्यिक आहे. मालिकेचे संवाद चित्रलिपीऐवजी उच्चारदर्शक काना लिपीत आहेत; त्यामुळे शब्दांचे अर्थ मोकळे राहतात. 'हिनावा' म्हणजे जुन्या बंदुकीची वात. पतीचे 'फ्लिंट' हे नाव चकमकीच्या गारेचे. परंतु 'हिनावा' ऐकताना जपानी कानाला 'हिमावारी', म्हणजे सूर्यफूल, हा शब्दही जाणवतो आणि कथेत सूर्यफुलांचे शेत मातेच्या स्मृतीशी जोडलेले आहे. 'साल्सा' या माकडाच्या नावात 'सारू' (माकड) हा जपानी शब्द दडलेला आहे. ही नावे इंग्रजीत तशीच ठेवली गेली आणि त्यांतील ध्वनी वाचकापुरते मुके झाले. याउलट दोन प्राण्यांना जोडून घडवलेल्या शत्रुप्राण्यांसाठी नवी जोडनावे घडवली गेली. 'कॅटलस्नेक' या नावात गुरे आणि 'रॅटलस्नेक' हा विषारी साप एकत्र येतात. जे नाव व्यक्तीचे आहे ते राखावे आणि जे विनोदाचे आहे ते नव्याने रचावे, असा विवेक यामागे दिसतो. लॉरेन्स व्हेनुटी यांनी मांडलेले परकीयीकरण आणि स्वकीयीकरण हे दोन मार्ग येथे एकाच संहितेत, कार्य पाहून, वाटून दिलेले आहेत.

'पोकी' की 'पोर्की' हा पेच यापुढचा. मागील खेळातील एका पात्राचे नाव १९९५ च्या अधिकृत आवृत्तीत 'पोकी' असे होते. 'मदर ३' मध्ये तेच पात्र वराहमुखी सैन्याचा अधिपती म्हणून परतते. म्हणजे नावातील डुकराचा अर्थ कथेला अत्यावश्यक ठरतो. निन्टेन्डोनेच २००८ च्या एका अन्य खेळात 'पोर्की' हे रूप वापरले होते. स्वयंसेवकांनीही 'पोर्की' स्वीकारले. 'मिस्टर सॅटर्न' यांसारखी जुनी नावे मात्र अधिकृत आवृत्तीतूनच घेतली. परवानगी नसलेल्या भाषांतराने अधिकृत पूर्वपरंपरेचा एवढा मान राखावा, ही लक्षणीय गोष्ट आहे.

आवाजाचा प्रश्न सर्वांत अवघड. जपानीत प्रथमपुरुषी सर्वनामे अनेक आहेत आणि त्यांच्या निवडीतून वय, लिंग, प्रतिष्ठा सूचित होते. कुमातोरा ही राजकन्या पुरुषी ढंगाने बोलते. तिच्या नावातच 'कुमा' (अस्वल) आणि 'तोरा' (वाघ) आहेत. इंग्रजीचे प्रथमपुरुषी सर्वनाम एकच, त्यामुळे हा ढंग शब्दकळेच्या रांगडेपणातून आणावा लागतो. मराठीत सर्वनाम एकच असले तरी क्रियापद लिंगानुसार बदलते. राजकन्या 'मी येते' म्हणण्याऐवजी 'मी येतो' म्हणाली, तर मराठी वाचकाला जे जाणवेल ते इंग्रजीत साधता येत नाही. परंतु हीच सोय 'मॅजिप्सी' या पात्रांबाबत संकट ठरते. ती ना स्त्री ना पुरुष आहेत. इंग्रजी क्रियापद त्यांचे लिंग झाकते, मराठी क्रियापद ते उघड करण्यास भाग पाडते. शिवाय या खेळात प्रमुख पात्रांची नावे खेळाडू स्वतः लिहितो. जपानीत नावापुढे विभक्तिदर्शक अव्यय लावले की काम भागते. मराठीत वाक्यातील रिकाम्या जागी कोणते नाव येणार हे अगोदर ठाऊक नसेल, तर सामान्यरूप आणि क्रियापदाचे लिंग दोन्ही अनिश्चित राहतील. प्रत्येक भाषा कोणती माहिती लपवू देत नाही, हे अशा वेळी स्पष्ट होते.

५

हे भाषांतर ज्या रूपात प्रसिद्ध झाले, ते रूपही विचारणीय आहे. बर्न कराराच्या आठव्या कलमानुसार भाषांतराचा हक्क मूळ लेखकाकडे असतो. आणि खेळाची बदललेली प्रत वाटणे म्हणजे मूळ कृतीची प्रत वाटणे होय. म्हणून स्वयंसेवक केवळ 'पॅच', शब्दशः ठिगळ, प्रसिद्ध करतात. त्यात मूळ खेळ नसतो. मूळ प्रतीत कोठे काय बदलायचे, एवढेच असते. तेही हक्काच्या दृष्टीने निर्वेध ठरत नाही; तथापि अनुवादाचे एक मूलभूत लक्षण येथे मूर्त होते. 'अनुवाद' म्हणजे मागाहून बोलणे. छापील अनुवाद मुळावाचून वाचता येतो. हा अनुवाद मूळ जपानी प्रत हाती असल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही.

हे मागाहून येणे भाषांतरकारांनी तत्त्व म्हणूनही पाळले. अधिकृत आवृत्ती जाहीर झाल्यास माघार घेण्याची त्यांची तयारी होती. २०१३ मध्ये मँडेलिन यांनी आपले भाषांतर निन्टेन्डोला विनामूल्य देऊ केले. ते स्वीकारले गेले नाही. २०२४ मध्ये 'मदर ३' नव्या यंत्रावर उपलब्ध झाला, तोही जपानपुरताच. इतरत्र चित्र वेगळे दिसते. 'ट्रेल्स फ्रॉम झीरो' या खेळाचे 'जिओफ्रंट' या स्वयंसेवी गटाने २०२० मध्ये केलेले भाषांतर एनआयएस अमेरिका या प्रकाशनसंस्थेने स्वीकारले आणि २०२२ च्या अधिकृत आवृत्तीचा तो पाया ठरला. आश्रयाविना झालेले काम पुढे आश्रय मिळवू शकते. मात्र तो मिळणे भाषांतराच्या गुणवत्तेवर अवलंबून नसते, हे या दोन उदाहरणांच्या तुलनेतून दिसते.

६

आरंभीच्या प्रश्नाकडे वळता असे म्हणता येईल की, आश्रय नसणे म्हणजे शिस्त नसणे नव्हे. वेळ, विक्री आणि संकेत यांचे नियंत्रण हटल्यावर या भाषांतरात स्वैरता आली नाही. उलट मुळाविषयीची आस्था काटेकोर झाली. अर्थात ही आस्थाही एक प्रकारचे नियंत्रणच आहे. मालिका अगोदरच प्रिय असलेल्या वाचकसमूहाची अपेक्षा येथे आश्रयदात्याची जागा घेते आणि रूढ नावे व परिचित सूर बदलण्याचे स्वातंत्र्य मर्यादित करते. लेफेव्हर यांच्या मांडणीत त्यामुळे एक भर घालावी लागते : आर्थिक घटक वजा केला तरी प्रतिष्ठेचा घटक शिल्लक राहतो, आणि ती प्रतिष्ठा राजा, संस्था वा बाजार यांच्याऐवजी जाणत्या वाचकांकडून येते.

अभ्यासकांसाठी यातून एक जबाबदारी निर्माण होते. एका महत्त्वाच्या लेखकाची कथाकृती इंग्रजी वाचकाला आजही केवळ या अनधिकृत संहितेतूनच पूर्णपणे कळते. आणि तिला मुद्रित आवृत्ती नाही, प्रकाशक नाही. प्रथम प्रसिद्धीनंतर तिच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या, म्हणजे पाठभेद निर्माण झाले. हस्तलिखित पोथ्यांचे पाठ ताडून पाहण्याची परंपरा असलेल्या मराठी संशोधनाला ही अवस्था अपरिचित नाही. भाषांतराचा अभ्यास प्रकाशकाच्या मुद्रेपाशी थांबला, तर अशा संहिता नोंदीवाचून नाहीशा होतील. त्या वैध ठरवणे हे अभ्यासकाचे काम नव्हे. त्या वाचणे, त्यांच्या आवृत्त्या नोंदवणे आणि त्यांतील भाषिक निर्णयांची मीमांसा करणे हे मात्र निश्चितच आहे.